सरांचं सूतक

हिवाळा लागला की सर एक दिवस बसने बरुआसागरला जात आणि ओल्या आल्याची मोठी पिशवी घेऊन परत येत. आलं झाशीतही मिळतं. दतिया गेटचा भाजीवाला तर सरांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर बसायचा. पण त्याचं आलं सरांना चालत नसे. "याला वास कुठे आहे? हे आलं नाही, हे लाकूड आहे," असं ते त्याच्या तोंडावर सांगत आणि तो बिचारा "हओ मास्साब" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत असे. पिशवी आली की ओळखीच्या सगळ्या मराठी घरी आल्याचा एकेक तुकडा पोचवण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा. सायकलवरून यायचे, दारातूनच हाक मारायचे, प्रसाद दिल्यासारखा तुकडा हातावर ठेवायचे आणि वळायचे. चहाला थांबत नसत. "आम्हाला अजून सीपरी बाजारला जायचं आहे," हे ठरलेलं.

आमच्या आईच्या हातावर मात्र दोन तुकडे पडत. एक आमचा आणि दुसरा कुमुदकाकूंचा. रेल्वे कॉलनीच्या मागे निवृत्त रेल्वेवाल्यांनी घरं बांधली आहेत, तिथे आमच्याच गल्लीत कुमुदकाकू आणि वसंतकाका राहत. त्यांच्या दारावरून सायकल काढत सर आमच्याकडे येत, त्यांचं आलं आईकडे देत आणि परत त्यांच्याच दारावरून जात. लहानपणी मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. एकदा मी म्हटलंच, "सर, तिथेच द्या ना, रस्त्यातच तर आहे." सर म्हणाले, "तिथे आम्ही दसऱ्याला जातो." जणू इतर दिवशी त्या घरात शिरायला सरकारने मनाई केली होती.

हे 'आम्ही' म्हणजे सर एकटेच. घरात दुसरं माणूस नव्हतं. पण "आम्ही मटार आणले", "आम्हाला काल ताप होता", असंच बोलत. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आलेले, त्यामुळे भाषाही तशी. हात धुवायच्या भांड्याला ते तस्त म्हणत आणि त्याच वाक्यात "वो भैया अभी आया नहीं" असंही म्हणत. माझे वडील भुसावळहून बदली होऊन आलेले. ते कधी सरांच्या मराठीला हसले तर सर शांतपणे सांगत, "तुमची मराठी शुद्ध आहे, आमची जुनी आहे." 

पुढे मी कॉलेजात त्यांची विद्यार्थिनी झाले. सर इंग्रजी साहित्य शिकवायचे, म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं हिंदीत. मे महिन्यात लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, चालायची तेव्हा डोक्याला ओला पंचा आणि ऊन बाधू नये म्हणून कोटाच्या खिशात कांदा असे. पेपर हिरव्या शाईने तपासत. लाल शाईने पोरं घाबरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. नापास मात्र हिरव्या शाईनेही करत. कोणी रडत आलं तर सांत्वन करणं त्यांना जमत नसे. "होऊन जाईल. रडत होईल, पण होईल," एवढंच म्हणून ते चष्मा पुसायला घेत. स्वतःचं सांत्वन तर कोणाला करूच देत नसत. त्यांची आई गेली तेव्हा भेटायला गेलेल्यांना त्यांनी हवामानाबद्दल विचारून विचारून बेजार केलं होतं.

अभ्यासक्रमात एक जुनी कादंबरी होती. एका नदीकाठच्या गावातला जमीन मोजणारा सर्व्हेअर, त्याचं गिरणीवाल्याच्या मुलीवर प्रेम, आणि तिचं त्याच्यावर नाही. बाकी काही नाही. खलनायक नाही, गैरसमज नाही. ती दुसऱ्याशी लग्न करते, सुखाने संसार करते आणि यथाकाल मरते. शेवटच्या शंभर पानांत तो सर्व्हेअर हळूहळू बोलायचाच थांबतो. आम्हाला ती कादंबरी भयंकर कंटाळवाणी वाटायची. सर मात्र ती वर्षानुवर्षं शिकवत आले होते आणि दरवर्षी नव्याने वाचल्यासारखे वर्गात येत.

एकदा एका मुलाने त्या नायिकेला बेवफा म्हटलं. सर वर्गात चिडलेले मी तेव्हाच पाहिले. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "बेवफा वो होती है जिसने वफ़ा का वादा किया हो. इसने कब किया? पन्ना बताओ. नहीं है न? तो बैठ जाओ." मग बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज नेहमीचा होता. म्हणाले, "ना तो सबको सुननी पड़ती है. ना सुनकर कोई अकेला नहीं होता. औरत का पति मरे तो वो विधवा है, आदमी की पत्नी मरे तो वो विधुर है. अब ये आदमी, इसकी वो मर गई जो इसकी कभी थी ही नहीं. इसे क्या कहोगे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पागल, सर." सगळा वर्ग हसला. सरांनी खडू घेतला, फळ्यावर 'पागल' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि तास संपेपर्यंत ते पुसलं नाही.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती हसली नाही. मग तिने मला ते सांगितलं जे झाशीतल्या प्रत्येक मराठी घराला माहीत होतं आणि जे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

कुमुदकाकूंचे वडील रेल्वेत होते. आईचं माहेर झाशीचंच, ती आणि काकू लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी. सर तेव्हा नुकते कॉलेजात लागलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत काकू भजनाला बसल्या होत्या, तिथे सरांनी त्यांना पाहिलं आणि रीतसर मध्यस्थाकडून विचारणा केली. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. दोन्ही घरांना पसंत होतं. काकू नाही म्हणाल्या. वडील रागावले, आत्या रडली, पण त्या हलल्या नाहीत. आईला म्हणाल्या होत्या, "माणूस चांगला आहे गं. पण त्यांना बघून माझ्या मनात काही म्हणजे काही होत नाही. मग मी काय खोटं नांदू?" नकार कळवला गेला तेव्हा सर स्वतः त्यांच्या वडिलांकडे गेले आणि म्हणाले, "मुलीने खरं सांगितलं. तिला रागावू नका." दोन वर्षांनी काकूंचं वसंतकाकांशी लग्न झालं. काका मालगाडीवर गार्ड होते, मोकळे, हसरे. त्या लग्नात सर पंगतीत मठ्ठा वाढत फिरत होते आणि आग्रह करून करून दुसरी वाटी देत होते.

सरांनी लग्न केलं नाही. स्थळं आली, तर "आमचं ठरलेलं आहे" म्हणत. काय ठरलंय विचारलं तर, "नाही करायचं, हे." फक्त दसऱ्याला ते काकूंच्या घरी जायचे, सगळी घरं जाऊन येतात तसे. आपट्याची पानं द्यायचे. काकू सगळ्यांना द्यायच्या तोच चिवडा आणि तीच करंजी त्यांच्यापुढे ठेवायच्या. सर वसंतकाकांशी गाड्यांबद्दल बोलत. धुक्यात कोणती गाडी किती उशिरा आली, भोपाळकडची लाइन कुठे अडली. काकूंशी "बरं आहे ना?" आणि "हो, तुम्ही?" एवढंच. बशी रिकामी झाली की उठत. मी दोन-तीनदा तिथे असताना सर आलेले आहेत. खोलीत काहीही घडत नसे, आणि तरी ते गेले की काका उगीचच पंखा कमी-जास्त करत.

बँकेत नोकरी लागल्यावर, जरा वयाचं धैर्य आल्यावर, मी काकूंना एकदा सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला सरांचं कधी वाईट नाही वाटलं?" त्या वाळवणाची चाळण झटकत होत्या. म्हणाल्या, "वाईट वाटतं. अपराधी नाही वाटत, आणि त्यांनी कधी तसं वाटू दिलं नाही, ते खरं. पण तुला सांगू, मला कधी कधी रागच येतो. मी बोलले ते एकदाच. त्यांनी ते जन्मभर दारात घेऊन बसायचं ठरवलं. लोक मला बघतात तर त्यांच्या डोळ्यांत सर दिसतात मला. मी काय केलं होतं? खरं बोलले होते." मग चाळण ठेवून म्हणाल्या, "आल्याची चटणी नेतेस का? यंदाचं आलं छान आहे."

काकू गेल्या त्या माघ लागता लागता. आठवडाभर दवाखान्यात होत्या, घरी आणायची तारीखही ठरली होती, आणि सकाळी गेल्या. स्मशानात सर आले होते, असं माझा भाऊ म्हणाला. सगळ्यांच्या मागे उभे होते. कोणाशी बोलले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी दतिया गेटला कुजबुज सुरू झाली. सुरुवात दूधवाल्याने केली. सरांनी त्याला पातेल्याला हात लावू दिला नाही. "दूर से डाल दो भैया, सूतक है," म्हणाले. दाढी वाढलेली, घोंगडीवर बसलेले, देवघराचं दार लावलेलं. दूधवाल्याने पुढच्या प्रत्येक दारात कोण गेलं याची चौकशी केली, "काए, मास्साब के घरै को शांत हो गओ?" सरांना जवळचं कोणी उरलेलंच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येक दारात लोक विचारात पडले.

मग मंडळाचा माघी गणपती आला. अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला सुरुवात दरवर्षी सरच करून द्यायचे. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा निरोप आला. "आम्हाला येता येणार नाही. सूतक आहे." लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. लोक हात जोडण्याआधी काही वाचत नाहीत. शेवटी चिटणिसांनी विचारलं, "अरेरे, सर, कोणाचं?" बऱ्याच वेळाने सरांचं उत्तर आलं. "नाव घ्यायला हवं का?"

त्यानंतर त्या ग्रुपवर दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. सुप्रभातसुद्धा नाही. फोन मात्र घरोघरी चालू होते.

संध्याकाळी काकूंचा मुलगा आमच्याकडे आला. तो बंगळुरूला असतो, आईसाठी आला होता. मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. त्याला मराठी सगळं कळतं, पण राग आला की हिंदीच येतं. माझ्या आईला म्हणाला, "मावशी, लोग पूछ रहे हैं मुझसे. आज एक अंकल ने पूछा, क्या कुछ था? मेरी आई के बारे में! ये आदमी सूतक किस हक से कर रहा है? आप समझाइए, नहीं तो मैं जाऊँगा और फिर अच्छा नहीं होगा." आईने त्याला पाणी दिलं. "वसंतभाऊ काय म्हणतात?" तिने विचारलं. "बाबा कुछ नहीं बोलते. बैठे रहते हैं." आई म्हणाली, "तू जाऊ नकोस. मी जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईबरोबर गेले. सर बाहेरच्या खोलीत घोंगडीवर बसले होते. पांढरी दाढी वाढलेली पाहून मला क्षणभर कोणी वेगळेच गृहस्थ वाटले. त्यांनी आम्हाला लांब खुर्च्यांवर बसवलं. "वहिनी, चहा करता येणार नाही. तुम्हाला आमच्या हातचं चालणार नाही सध्या."

आई म्हणाली, "सर, सूतक नातेवाइकांना लागतं. तुम्हाला कसलं लागलं?"

"आम्ही ग्रंथात बघितलं ते," सर म्हणाले, आणि अगदी वर्गात सांगायचे तसं सांगू लागले. "आईबापाचं आहे, भाऊबंदांचं आहे. मामाचं आहे, सासऱ्याचं आहे. गुरूचं आहे. आमची सोय कुठेच नाही, वहिनी. मग आम्ही आपलं धरलं. दहा दिवस. नवऱ्याला जेवढं, तेवढंच. जास्त धरलं असतं तर दिखावा झाला असता."

"पण का?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं आम्ही काही मागितलं नाही. कोणाला सांगितलं नाही. तिला त्रास होईल असं काही केलं नाही. आता ती नाही. आता कोणाला काय त्रास होणार आहे? दहा दिवस तरी आम्हाला सांगू द्या की आमचं कोणी गेलं." बोलताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण हात घोंगडीची दशी ओढत राहिले. मला वाटलं, आता आई उठेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या जागी असते तर तिथेच उठले असते.

आई उठली नाही. म्हणाली, "सर, राग मानू नका. ती तुम्हाला नाही म्हणाली होती. वडिलांचा मार खाऊन नाही म्हणाली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. जन्मभर तिने ते नाही सांभाळलं. तुमच्याशी दोन शब्दांच्या वर बोलली नाही ती का, तर कोणी म्हणू नये की मनात काही होतं. आणि आता ती उत्तर द्यायला नाही, तर तुम्ही तिला तुमची करताय. गावात काय बोलतात माहीत आहे? 'काहीतरी असेलच, उगाच कोणी सूतक धरतं?' तिचं पोर घरोघर उत्तरं देतंय."

सर आईकडे पाहतच राहिले. मार खाल्ल्याचं त्यांना खरंच माहीत नव्हतं.  बाहेर ई-रिक्षावाले भांडत होते, ते ऐकू येत होतं. शेवटी सर म्हणाले, "हे आमच्या लक्षात आलं नाही." मग पुन्हा, हळू, "लक्षात यायला हवं होतं. आम्ही हेच शिकवत आलो."

आम्ही निघालो. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. आई दारात थांबली, सरांकडे वळली आणि काही न बोलता बाहेर पडली. रस्त्यात ती रडत होती. म्हणाली, "मी त्या माणसाचं होतं नव्हतं ते काढून घेतलं गं." मी म्हटलं, "तू काकूंचं राखलंस." तिने मान हलवली. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नव्हतं.

पुढच्या सकाळी बँकेत जाताना दतिया गेटच्या वळणावर मला माझी स्कूटी थांबवावी लागली. न्हाव्याच्या रस्त्यावरच्या खुर्चीत सर बसले होते. तोंडाला साबण. न्हाव्याचं दुकान आत आहे, पण सरांनी खुर्ची बाहेर, रस्त्याकडे तोंड करून मांडायला लावली होती. येणारे जाणारे थबकत होते. सूतकात कोणी दाढी करत नाही, हे त्या बाजारात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दाढी झाली, सरांनी भांग पाडला, कोट घातला आणि शेजारच्या हलवायाकडे जाऊन दही-जिलबीचा द्रोण घेतला. सर बाजारात उभ्याने कधी काही खात नसत. पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. त्या दिवशी ते भर रस्त्यात उभे राहून जिलबी खात होते.

मी जवळ गेले. "सर?"

"खातोय आम्ही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडात घास होता आणि तो खाली उतरत नव्हता. "दिसतंय ना सगळ्यांना?"

"दिसतंय सर."

"मग ठीक आहे." त्यांनी आणखी एक तुकडा उचलला, पण हात वर जाईना. द्रोण तसाच धरून उभे राहिले. हलवायाने विचारलं, "मास्साब, सूतक नईं हतो का?" सर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नहीं भैया. हमको भ्रम हो गया था. बुढ़ापा है." हलवाई हसला. आजूबाजूचेही हसले. बघता बघता गर्दीतला ताण गेला. जाताना एक जण म्हणाला, "मास्साब सठिया गए."

दुपारी ग्रुपवरही आलं. "आमची चूक झाली. सूतक नाही. वयामुळे गोंधळ होतो. सर्वांनी क्षमा करावी." पुन्हा हात जोडलेली चित्रं आली. कोणीतरी स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी घ्यायचा सल्ला दिला, कोणी डॉक्टरचं नाव सुचवलं. काकूंबद्दलचं बोलणं त्या दिवशी बंद झालं. आता लोक सरांच्या डोक्याबद्दल बोलू लागले. म्हातारा एकटा राहतो, काय काय मनात येत असेल, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, वगैरे. सर सगळ्यांना हो म्हणत होते. मी त्या आठवड्यात दोनदा त्यांच्या घरावरून गेले. खिडकीत दिसायचे, तुळतुळीत दाढी केलेले. रोज करत होते.

तेराव्याच्या जेवणाचं बोलावणं सरांना वसंतकाकांनी आईमार्फत पाठवलं. मला आश्चर्य वाटलं, आईलाही. मुलगा म्हणाला, "बाबा, ज़रूरी है क्या?" काका म्हणाले, "हो." बस.

सर आले. स्वच्छ धोतर, कोट. पंगतीत शेवटच्या पाटावर, दाराशी बसले. आजूबाजूच्यांनी त्यांना तब्येतीचं विचारलं, जरा मोठ्या आवाजात, बहिऱ्याला विचारावं तसं. सर सगळ्यांना "बरं आहे" म्हणत होते. गोड वाढलं तेव्हा त्यांनी ते निमूटपणे खाल्लं.

जेवणं झाल्यावर दुखवटा काढायचा. आमच्याकडे हा आपला आपण काढता येत नाही. सोयऱ्यांनी टोपी-उपरणं आणायचं, घरच्या माणसाच्या अंगावर घालायचं आणि त्याला देवळात नेऊन आणायचं, मग तो पुन्हा लोकांत मोकळा होतो. काकूंचे भाऊ भुसावळहून आले होते. त्यांनी काकांना टोपी घातली, उपरणं दिलं. मुलालाही घातली. काका उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता देवळाकडे निघायचं. पण काकांनी मेव्हण्याच्या पिशवीत हात घातला आणि तिसरी टोपी आणि उपरणं बाहेर काढलं.

"हे जास्तीचं मीच आणायला सांगितलं होतं," ते मुलाला म्हणाले आणि दाराकडे चालू लागले. ओसरीवरचे सगळे माना वळवून बघू लागले. मुलगा उठून उभा राहिला. काका शेवटच्या पाटापाशी गेले तेव्हा सर, अजून पानावरच बसलेले, हात धुवायला उठत होते.

"वसंतराव," सर घाईने, हळू म्हणाले, "आम्हाला सूतक नव्हतं. लोकांना सांगितलंय आम्ही. तो आमचा भ्रम होता."

"मला माहीत आहे काय होतं ते," काका म्हणाले. "चाळीस दसरे तुम्ही माझ्याकडे गाड्यांच्या गप्पा मारायला येत नव्हतात, एवढं कळतं गार्डाला. मला त्याचा आनंद नव्हता, सर, खोटं कशाला बोलू. पण बाजारात तुम्ही काय केलंत, तेही मला समजलं. आणि कुणासाठी केलंत, ते इथे माझ्याशिवाय कोणाला कळलेलं नाही." मग त्यांनी ओसरीकडे न बघता, पण ओसरीला ऐकू जाईल असं म्हटलं, "सर माझ्या घरचे जुने स्नेही आहेत. त्यांचं मागे कोणी नाही. माझ्याबरोबर देवळात येतील."

सरांच्या हाताला अजून भात लागलेला होता. काकांनी तांब्या उचलला आणि स्वतः त्यांच्या हातावर पाणी घातलं. मग टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडी बसली ती सरळ केली, आणि उपरणं खांद्यावर टाकलं.  त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आले होते, वर्गात, दारात, सायकलवर, पण तो असा उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. ते रडत होते आणि तोंड लपवत नव्हते. हवामानाबद्दल त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

मुलगा अजून उभाच होता. काका त्याला म्हणाले, "चप्पल दे सरांची." तो क्षणभर थांबला. मग वाकला, चपलांच्या ढिगातून सरांच्या जुन्या कोल्हापुरी शोधून काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

ते दोघे पुढे निघाले, आम्ही मागून. देऊळ गल्लीच्या टोकालाच आहे. तेवढ्या वाटेत काका बोलू लागले. काकूंना शेवटी भूक लागत नव्हती, दवाखान्यातलं वरण त्यांनी कसं परत पाठवलं, नर्सला कशा ओरडल्या, कोणतं भजन गुणगुणत होत्या. सर मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि मग?" काकांनी पुढचं सांगितलं. पायरीशी पोचल्यावर सर पुन्हा म्हणाले, "आणि मग?" तेव्हा काका देवळाच्या पायरीवर बसले, सरांना शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.